जाळीतला स्वेटर

गॅसचा फिटर गाडीत शिरला आणि पहिल्याच मिनिटाला त्यानं माझी चोरी पकडली. दाराशेजारी, जमिनीलगत हवा यायला एक जाळी असते. तिच्यात मी यांचा तपकिरी स्वेटर कोंबला होता. छपरावरच्या झडपेलाही आतून चिकटपट्टी मारली होती.

"काकू, हे कोणी केलं?"

"उंदरांनी," मी म्हणाले.

तो हसला नाही. माणूस काडीपहिलवान, पण नजर शाळामास्तराची. मुलीनं धाडला होता त्याला. मी रोज सकाळी डोकं धरून बसते हे तिला फोनवर कळलं आणि तिनं मला न विचारता परस्पर सगळं ठरवून टाकलं. बापाचा आगाऊपणा पोरीत बरोब्बर उतरलाय.

आमची गाडी म्हणजे चाकांवरची खोली. एक पलंग, दोन शेगड्या, एक गॅसचा हीटर. निवृत्तीनंतर सात वर्षं आम्ही दोघं तिच्यातून हिंडलो. हे गेले त्याला पाच महिने झाले. घरात मला झोप येईना, म्हणून थंडी पडल्यापासून महिनाभर मी अंगणात उभ्या असलेल्या गाडीतच हीटर लावून झोपत होते. तिथं अजून यांचा वास होता, दाढीच्या साबणाचा आणि थोडा इंजिन ऑइलचा. तो उडून जाऊ नये म्हणून मी फटी बुजवल्या. वेडेपणाच होता. पण मला माझा नवरा हवा होता.

फिटरनं हीटर पेटवला, आत वायू मोजायचं मीटर ठेवलं, दार लावलं आणि आम्ही दोघं बाहेरून काचेतून बघत राहिलो. निळी असायला हवी ती ज्योत पिवळी होती. वरच्या पत्र्यावर काजळी धरली होती. मीटरचा आकडा चढत चालला तसा त्यानं बाहेरच्या कप्प्यातला सिलिंडर बंद केला आणि दारं सताड उघडली.

"कार्बन मोनॉक्साइड. ह्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, ग्लानी येते, आणि एक दिवस माणूस उठतच नाही. अलार्म कुठंय?"

अलार्म यांनीच बसवला होता. तो रोज किंचाळायला लागला तेव्हा कान किटून मी त्याची बॅटरी काढून ठेवली होती. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? सगळं सांगून टाकलं.

"हीटर बदला हवं तर," मी म्हणाले, "पण जाळी उघडू नका."

"अहो, का पण?"

"पहाटे ग्लानीत ते येतात. शेजारी बसतात, बोलतात. हवा खेळली तर यायचे नाहीत."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "काय बोलतात काका?"

"म्हणतात, पड अजून जरा. कसली घाई आहे?"

बोलले आणि माझी मीच थांबले. एक्केचाळीस वर्षांत ह्या माणसानं मला सहाच्या पुढं लोळू दिलं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा अंगावरचं पांघरूण ओढून म्हणाले होते, "ऊठ, चहा निवतोय." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, यांची तर मेल्यावरही गेली नसती. पड म्हणणारा तो माझा नवरा नव्हताच. महिनाभर मी कुणाला शेजारी जागा करून दिली होती?

स्वेटर मीच ओढून काढला. चिकटपट्टीही मीच सोलली. वारा आरपार खेळू लागला. फिटरनं अलार्ममध्ये नवी बॅटरी घातली, जुना हीटर उचकटून बाहेर काढला आणि मला रक्त तपासायला स्वतः दवाखान्यात घेऊन गेला. परत येईपर्यंत गाडीला नुसता अंगणाचा वास येत होता.

नवा हीटर बसल्यावर मी पुन्हा तिथं झोपले. सकाळी सहाला जाग आली. डोकं अगदी हलकं होतं. मी डोळे मिटून तशीच पडून राहिले. म्हणा ना ऊठ, एकदाच, हवं तर खेकसून म्हणा. कोणी काही म्हणालं नाही. मग पांघरूण मीच ओढलं आणि पाय खाली सोडले.