ठिगळच्या जागी

"किती शांत ठेवलंत हो सगळ्यांना," बाबा त्या बाईंना म्हणाले. "एक तरी भुंकतंय का बघा. कौतुक आहे तुमचं."

मी कानांवरचे हात खाली घेतले. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना जाळ्या, आणि जाळ्यांमागे चाळीसएक कुत्री. आम्ही आत पाऊल टाकल्यापासून सगळी एकदम सुरू झाली होती. पत्र्यामुळे आवाज दुप्पट होत होता, माझ्या दाढांपर्यंत पोचत होता. आणि त्या गदारोळात माझे वडील हात मागे बांधून, बागेत फिरावं तसे चालले होते.

शेड सांभाळणाऱ्या बाईंनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. म्हातारा थट्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं. क्षणभर मलाही तेच वाटलं, कारण बाबांना थट्टेची खोड आहे. पण थट्टा करताना त्यांची डावी भुवई वर जाते. ती आत्ता जागच्या जागी होती.

बाबा शिंपी आहेत. त्यांच्या भागात सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. त्यातच मी वाढले आणि तिथूनच लग्न होऊन तासाभराच्या अंतरावर राहायला गेले. नऊ वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हा मला वाटलं होतं की बाबा एकटे पडतील, पण त्यांच्याजवळ ठिगळ होता. पांढरं कुत्रं आणि डोळ्यावर चॉकलेटी डाग, म्हणून ठिगळ. शिंप्याच्या कुत्र्याला दुसरं काय नाव ठेवणार? तेरा वर्षांचा होऊन चार महिन्यांपूर्वी तो गेला, कापायच्या टेबलाखाली, भर दुपारी.

त्यानंतर बाबांचं काही खरं राहिलं नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून हाका मारायचं आणि हे मशीनवर मान खाली घालून बसलेले. काही लोक कंटाळून परत जात. समोरच्या बटणवाल्या काकूंनी मला फोन करून सांगितलं, "अगं, कुत्र्याचा धसका घेतलाय त्यांनी. हाक मारली तरी बघत नाहीत." शिट्टीची किटली दोनदा जळून कोळसा झाली. फोनवर तर काही बोलायची सोय नव्हती. सासूबाई पाय घसरून पडल्या, हात मोडला, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "छान, छान. ऐकून बरं वाटलं." पंधरा दिवस मी मनात अढी धरून होते. सासूबाईंशी त्यांचं फारसं पटत नाही, हे खरं असलं तरी.

स्वतः बाबा एवढंच म्हणत, "घर कसं गप्प झालंय गं. ठिगळ गेला आणि घरातला आवाजच गेला." दुःखात माणूस असं बोलतोच. आम्हीही ते तसंच घेतलं आणि तेही तसंच समजत होते. आई गेली तेव्हाही घर असंच गप्प झालं होतं.

दुसऱ्यांदा किटली जळली तेव्हा मी निर्वाणीचं बोलले. आता एकटं राहायचं नाही, दुकान बंद करा आणि माझ्याकडे चला. बाबा बराच वेळ टेपची गुंडाळी करत बसले. मग म्हणाले, "दुकान बंद करून तुझ्याकडे मी काय करू? खिडकीतून येणारेजाणारे मोजू?" शेवटी तडजोड झाली. आधी एक कुत्रं आणायचं. कुत्र्यानं मन रमलं आणि दुकान रुळावर आलं तर ठीक. नाही तर महिन्याभरानं त्यांनी मुकाट्यानं सामान बांधायचं. म्हणून त्या बाईंना मी फोनवर मास्तरांची आणि ठिगळची सगळी हकीकत सांगितली आणि रविवारी आम्ही त्या शेडमध्ये गेलो होतो.

बाईंनी बाबांचा दंड धरून त्यांना कचेरीत नेलं आणि दार लावून घेतलं. बाई आडव्या बांध्याच्या, रबरी बूट घातलेल्या, कामाला वाघ दिसत होत्या. बाबा खुर्चीत बसले. बाई त्यांच्या मागच्या कपाटाकडे गेल्या, स्टीलची एक मोठी परात काढली आणि सरळ फरशीवर टाकली. मी दचकून उभी राहिले. खिडकीतलं मांजर उडी मारून पळालं. बाबा भिंतीवरचे कुत्र्यांचे फोटो बघत होते.

बाई पुढं आल्या आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"मास्तर, तुमचा ठिगळ दुकानात कुठं बसायचा?"

"टेबलाखाली," बाबा लगेच खुलले. समोर बसून बोललं की त्यांना सगळं कळायचं. "माझा उजवा पाय मशीनच्या पायट्यावर. डावा रिकामा. त्या डाव्या पायावर हनुवटी टेकून पडायचा. फार जड डोकं होतं हो त्याचं."

"आणि गिऱ्हाईक आलं की?"

"की मान उचलायचा. पाय हलका झाला की मी वर बघायचो, तर कोणीतरी उभं असायचं."

"फोन वाजला तर?"

"पायाला नाक लावायचा. गार."

"आणि चहाची किटली?"

"तेव्हा उठून आत जायचा. मग मी..." बाबा थांबले. "मग मी त्याच्या मागनं जायचो."

बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. काचेतून शेडचं दार दिसत होतं आणि पहिल्या जाळीतली तीन कुत्री.

"ती काय करतायत?" त्यांनी विचारलं.

"भुंकतायत," बाई म्हणाल्या. "चाळीसच्या चाळीस. तुम्ही आल्यापासून."

"मला वाटलं, उकडतंय म्हणून धापा टाकतायत. एक घरघर येत होती कुठूनतरी. म्हटलं, पंप चालू असेल."

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांच्या तोंडात बघते. बापाच्या कानाचं काय झालंय हे बघायचं मला सुचलं नाही आणि एका परक्या बाईनं ते परात टाकून पाच मिनिटांत शोधलं. मला इतकी लाज वाटली की मी बाबांकडे बघायचं टाळून मांजर शोधू लागले. कितीतरी वर्षं हा माणूस डाव्या पायानं ऐकत होता. त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता. माहीत होतं ते फक्त ठिगळला, आणि त्यानं ते बिनबोभाट सांभाळून घेतलं होतं.

बाबा गुडघ्यावरची सुरकुती हातानं सारखी करत होते. मग म्हणाले, "तो गेला तेव्हा मी तिथंच होतो. कोटाची बाही लावत होतो. सगळ्यांना सांगितलं मी, शांतपणे गेला, हूं की चूं केलं नाही म्हणून."

"नसेलच केलं बाबा," मी म्हणाले. पण मी बाजूला बसले होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही.

बाईंना कळलं. त्या पुढं वाकल्या. "म्हातारी कुत्री बहुतेक झोपेतच जातात, मास्तर. मी खूप बघितलीत."

"बहुतेक," बाबा म्हणाले.

थोड्या वेळानं आम्ही परत शेडमध्ये गेलो. आता मला काय हवं ते नेमकं माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं. त्यांनी आम्हाला थेट सातव्या जाळीपाशी नेलं. आत एक काळं, ताठ कानांचं कुत्रं उभं होतं. कोणी दारापाशी आलं की मालकाची बाही ओढायचं, घंटी वाजली की चक्कर मारायचं, असं त्याला आधीच्या घरी शिकवलेलं होतं. हुशारी डोळ्यांत दिसत होती.

"हाच घेऊ," मी बाबांच्या समोर जाऊन, ओठ मोठे करून सांगितलं.

बाबांनी त्याला हात हुंगू दिला, पाठ थोपटली, "शहाणं आहे रे," म्हणाले. आणि पुढं चालू लागले. नवव्या जाळीपाशी थांबले.

तिथं एक तपकिरी कुत्री चारी पाय वर करून, पोट उघडं टाकून झोपली होती. आजूबाजूला एवढा कल्लोळ चाललेला, पण तिचा ओठसुद्धा हलत नव्हता.

"मेली की काय?" बाबांनी विचारलं.

"छे हो. ह्या आमच्या बाईसाहेब," बाई म्हणाल्या. "सात वर्षांच्या आहेत. घरचे लोक दुसरीकडे गेले, हिला ठेवून गेले. कान चांगले आहेत, पण ही कशालाच उठत नाही. जेवण आलं तर आधी एक डोळा उघडते. आवडीचं असलं तर दुसरा."

बाबा हसले. चार महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं, आणि भुवईही वर गेली. मला पुढचं सगळं तिथंच कळलं आणि माझं डोकं फिरलं.

"बाबा, हिचा काय उपयोग? उद्या कोणी दुकानात शिरलं तरी ही उठायची नाही. तुम्हाला कळणार कसं?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून सगळं वाचलं आणि मग शांतपणे म्हणाले, "तो बिचारा एवढी वर्षं कामावर होता गं. एक दिवस सुट्टी नाही घेतली. म्हातारा झाला तरी मान उचलत राहिला, आणि मी एकदा शाबास म्हटलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. आता परत दुसऱ्याला त्याच नोकरीला नाही लावायचं."

"मग?"

"मग काय. कानाचं मशीन मी लावतो. कुत्र्यानं कुत्र्यासारखं राहावं."

बाई मध्ये पडल्या. "असं करा मास्तर. आधी कान, मग कुत्री. पंधरा दिवस मी हिला कोणाला देत नाही. तशी मागणीही नाही म्हणा."

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे सहा-सात वर्षांपासून चालू असणार. दोन्ही कानांत मशीनं बसवली तेव्हा बाबा आधी स्वतःच्या खोकल्याला घाबरले. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून ते एकेक आवाज ओळखत होते. पाखरं, सायकलची घंटी, माझ्या पिशवीतल्या किल्ल्या. "तुझा आवाज आईसारखा झालाय," म्हणाले. काय करावं ते न सुचून मी मोबाइल काढला. त्यात गेल्या वर्षीचा, दुकानातला, अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ होता. मी तो लावला. ठिगळ दाराकडे तोंड करून भुंकत होता.

बाबांनी फोन कानाजवळ नेला, मग डोळ्यांसमोर धरला.

"हा आवाज कोणाचा?"

"ठिगळचा."

"काहीतरीच काय. ठिगळचा आवाज केवढा भरदार." त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. फोनमधून तोच बसका, फाटका, मधेच तुटणारा आवाज आला. तीन वेळा भुंकायचा आणि दम लागून थांबायचा. बाबा ऐकत राहिले.

"म्हातारा झाला होता गं," ते शेवटी म्हणाले.

तो व्हिडिओ त्यांनी एकूण पाच वेळा ऐकला. मग फोन माझ्या हातात दिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चल, ती बाई पाचला बंद करते." आम्ही तिथूनच शेडवर गेलो. शेडच्या दारात बाबा दोन्ही कानांवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, आणि मग त्या आवाजात शिरले.

बाईसाहेबांना येऊन आता महिना झाला. परवा दुपारी मी गेले, तर ती दुकानाच्या दारात आडवी पसरलेली. टेबलाखालची जागा तिनं एकदा हुंगून सोडून दिली म्हणे. बाबांनीही आग्रह केला नाही. तिला ओलांडून मी आत गेले. तिनं एकही डोळा उघडला नाही. म्हणजे मी आवडीच्या पदार्थांत मोडत नाही. दुकान बंद करायचा विषय मी काढला नाही आणि बाबांनी सामान बांधलेलं नव्हतं.

बाबा कापड पसरून खडूनं रेघा मारत होते. तेवढ्यात नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी एक बस ड्रायव्हर दारात आला. चार महिन्यांची सवय त्याच्या अंगात मुरली होती. त्यानं छाती भरून घेतली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावला, "मास्तर, पँट झाली का?"

बाबांनी खडू ठेवला, टेबलाला वळसा घालून दारापर्यंत गेले आणि झोपलेल्या कुत्रीच्या अलीकडे थांबले.

"झाली," ते म्हणाले. "पण जरा हळू बोला, झोपलीय ती. मला ऐकू येतंय."