सतरा आयांचे नंबर

व्हॅनवाल्या काकांनी पहिल्याच फाटकासमोर दोनदा हॉर्न वाजवला. एरवी एका हॉर्नला धावत येणाऱ्या जुळ्या बहिणींचा आज पत्ता नव्हता. वरच्या खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा जागेवर गेला.

मेसेज पहाटे गेला होता, सतराच्या सतरा आयांना. काकांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, 'हा माणूस चोर आहे. याच्या गाडीत मुलं पाठवू नका.'

वीस दिवसांपूर्वी क्लच गेला. अकरा वर्षांत एकही खाडा नाही, ही काकांची मिजास! मुली फाटकाशी ताटकळणार या विचारानेच त्यांचा जीव वरखाली झाला. गॅरेजवाला उधारीचं नाव काढू देईना. मग फोनवरचं ते अ‍ॅप, पाच मिनिटांत दहा हजार. हातात साडेसहाच पडले, बाकीचे शुल्क म्हणून वरच्या वर गेले आणि सात दिवसांत भरायचे पुरे दहा. ते भरायला दुसरं अ‍ॅप, दुसऱ्यासाठी तिसरं. प्रत्येकाने विचारलं होतं, फोनमधले नंबर बघू का? घाईघाईत काकांनी 'हो'वर बोट ठेवलं. नंबर होते कुणाचे? जुळ्यांची आई, चष्मेवालीची आई, रडूबाईची आई. पैसे थकताच अ‍ॅपवाल्यांनी त्याच नंबरांवर तो मेसेज धाडला. भल्या माणसाने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

"अहो, आज जाऊच नका," निघताना बायको म्हणाली होती.

"नाही गेलो तर खरंच चोर ठरेन ना गं."

दुसरं फाटक बंद. तिसऱ्याशी चष्मेवालीचे वडील स्कूटर पुसत होते, त्यांनी मान वर केली नाही. चौथं, पाचवंही तसंच. काका सारखे घड्याळ बघत होते, घाम पुसत होते. सहाव्या फाटकाशी मात्र रडूबाई उभी होती, दप्तरासकट, आईचा हात धरून.

"काका, मेसेज आलाय," आई म्हणाली. "खरं काय ते सांगा."

"कर्ज घेतलं, ताई. क्लचसाठी. फेडायला जमेना. चोरी नाही केली हो."

"ते का मला माहीत नाही? चला, उशीर होतोय."

काकांना भरून आलं. दार सरकवून त्यांनी रडूबाईला वर घेतलं. तिच्या मागोमाग आईही चढली आणि मुलीला खेटून बसली.

"तुम्ही, ताई?"

"आज येते सोबत," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

काकांनी दार सरकवून लावलं. तिच्या जागी आपण असतो तर आपणही चढलो असतो, हे त्यांना कळत होतं, आणि तेच जास्त लागत होतं. पुढच्या अकराही फाटकांशी ते थांबले, हॉर्न दिला. कुणी आलं नाही.

शाळेपाशी मायलेकी उतरल्या. "दुपारी मीच न्यायला येईन," आई म्हणाली. "राग मानू नका, काका."

"छे, छे. राग कसला?"

आपापल्या आईवडिलांच्या गाड्यांवरून उतरणाऱ्या मुलींनी तेवढ्यात व्हॅन ओळखली. "काका! काका!" पाचसहाजणी एकदम ओरडल्या. काकांचा हात सवयीने वर गेला. मग सगळ्या मोठ्या माणसांचे चेहरे आपल्याकडे वळलेले त्यांनी पाहिले, आणि तोच हात खाली घेऊन ते स्वच्छ असलेला आरसा पुसत बसले.