पहिला घास

नेपाळमधल्या कीर्तिपूरच्या त्या भावकीत थोरल्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पंगतीतल्या पोह्यांना हात लावत नसे. थोरला भाऊ वारला आणि यंदा तो मान काजीमानकडे आला. पण कुलदेवतेचं जेवण या वर्षी अंगणात नव्हतं, भाड्याच्या हॉलमध्ये होतं. काजीमान खुर्चीत वाट पाहत बसला. समोर लोक उभ्यानेच म्हशीचं मटण खात होते.

पुतण्या रूपेश आला. "काका, रांगेत या ना, मटण संपत आलंय."

"वाढणार कोण?"

"इथे आपलं आपणच घ्यायचं."

"येतो," म्हणत काजीमान बसूनच राहिला.

घरी अंथरुणाला खिळलेल्या बायकोने विचारलं, "थांबले होते का सगळे तुमच्यासाठी?"

"थांबले होते," तो म्हणाला आणि उपाशीच तिच्या शेजारी आडवा झाला.