शेपटीवरचा आकडा

खाऱ्या हवेने फुगलेला अंतराळयानाचा नंबर, एकशे पाच, नव्याने रंगवायचा म्हणून लोरेटा गिल्यम शेपटीवर पॉलिश पेपर मारत होती. दुसरा थर निघाला आणि खाली तिला स्वतःचाच मासा दिसला.

फ्लोरिडाच्या त्या तळावर नंबरांची रीत सोपी होती. पहिला आकडा एक असेल तर यान वर जाणार, परत येणार, पुन्हा जाणार. शून्य असेल तर ते फक्त जमिनीवर ताणून, पिळून, तापवून बघायचं. शून्याच्या यानात माणूस बसत नाही, हे तिथला झाडूवालासुद्धा सांगायचा. आणि नंबर रंगवणारा आधी शेवटच्या आकड्याच्या जागी आपली खूण काढायचा, मग त्यावर रंग चढवायचा. लोरेटाची खूण होती इवलासा मासा.

तिने भराभरा आजूबाजूला घासलं. तीन. शून्य. पुन्हा शून्य.

सहा वर्षांपूर्वी याच यानाला लोखंडी सांगाड्यात दाबून बघितलं होतं. पंखाच्या मुळाशी तडा गेला तो आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. मोडीत काढलं, असं सगळ्यांना सांगितलं होतं. आणि येत्या मंगळवारी तिची मुलगी ऑड्रा आणखी तिघांबरोबर यातूनच जाणार होती!

"लोरी, झालं का? की घर बांधतेस वर?" खालून फोरमन रस्क ओरडला.

"रस्क, अरे हे शून्य-शून्य-तीन आहे!"

रस्क तिच्याकडे बघेना. "पंख बदललाय, कागद बदललेत. तू रंग मार गं बाई. सगळ्यांच्या पोटावर पाय आणू नकोस."

ती तशीच माखलेल्या हातांनी कँटीनमध्ये धावली. ऑड्रा कोळंबी खात बसली होती.

"मॉम, चेहरा बघ तुझा! भूत दिसलं की काय?"

"ते यान नवं नाहीये, ऑड्रा. ते तडा गेलेलं आहे."

ऑड्राने काटा खाली ठेवला. "माहितेय मला."

लोरेटाला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"शून्याचा एक करायच्या कागदावर सही माझीच आहे," ऑड्रा म्हणाली. "तेव्हा मी तपासणी विभागात होते. पंखाचं मूळ तपासायला तीन आठवडे लागतात. मला एक दुपार दिली. आणि मी सही केली."

"आणि आता त्यात तूच बसणार? डोकं फिरलंय का तुझं?"

"मग दुसऱ्या कुणाला बसवू, मॉम?"

"बाकीच्या तिघांना सांगितलंस?"

"नाही," ऑड्रा ताटलीकडे बघत म्हणाली. आपल्या पोरीची एवढी चीड लोरेटाला कधीच आली नव्हती. ती तशीच मागे फिरली आणि परत शेपटीवर चढली.

चार वाजता यान सगळ्यांना दाखवायला शेडचे दरवाजे उघडले. बाहेर बँड वाजत होता, घरची माणसं झेंडे घेऊन उभी होती. यान उन्हात आलं आणि बँड मधेच थांबला. शेपटीवर माणसाच्या उंचीचे काळेभोर आकडे होते, शून्य, शून्य, तीन. रंग अजून ओला होता.

"ही काय थट्टा आहे?" यानातून जाणाऱ्या चौघांतला म्हातारा कप्तान म्हणाला.

रस्क शिव्या देत मागे शेडमधल्या शिडीकडे पळाला. ऑड्राने शेपटीकडे पाहिलं, शिडीवरच्या आईकडे पाहिलं. मग ती त्या तिघांकडे वळली.

"बसू नका यात," ती म्हणाली. "सही माझी आहे."