बिनझाकणाचा माणूस

आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात कशाचं झाकण लावलं नाही. साखरेचा डबा उघडा, म्हणजे मुंग्यांची चंगळ. पेनाला टोपण नाही. दाढीच्या क्रीमचं टोपण बेसिनखाली. लग्न झाल्यापासून ओरडून ओरडून माझा घसा बसला, ह्यांचा हात काही झाकणाकडे वळला नाही. त्यात निवृत्त झाल्यावर सुचलं काय, तर पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं आणि गोगलगायींचे फोटो काढायचे! या वयात माणसं गुडघ्याला तेल चोळत बसतात.

गोगलगायी अगदीच साध्या नव्हेत. पाठीवर शंख नसतो आणि रंग असे की शालूने लाजावं. गेल्या वर्षी ह्यांना एक जांभळी दिसली, पिवळ्या काठाची, तांदळाच्या दाण्याएवढी. आपल्या किनाऱ्यावर तसली कुणी पाहिलीच नाही म्हणे. फोटो काढला तो हलला, नुसता धुरकट डाग आला. तेव्हापासून ह्यांच्याबरोबर बुडी मारणारे वकीलसाहेब ह्यांना चारचौघांत ‘थापाडे’ म्हणतात. आता, ह्यांना काय वाटेल ते मी म्हणेन, तो माझा हक्क आहे. दुसऱ्याने म्हटलेलं मला खपत नाही.

समुद्र खवळायचे दिवस आले होते. उद्यापासून बोट बंद. ह्यांना ती गोगलगाय सापडायची तर आजच. म्हटलं, मीही येते बोटीवर, बघतेच त्या वकिलाला.

सकाळी ह्यांनी जेवणाच्या टेबलावर कॅमेऱ्याचा संसार मांडला. मी सवयीने ओरडले, “सगळं उघडं टाकू नका, झाकणं लावा!” आणि थर्मास भरायला गेले.

बोट चालवते ती बुडी शिकवणारी मास्तरीण. मुलगी चुणचुणीत आहे. तिने खूण करताच हे आणि वकीलसाहेब, खुर्चीवरून मागे कोलमडावं तसे, पाण्यात पडले. मी बुडबुडे बघत बसले. डावीकडचे आमचे. बुडबुडे येताहेत तोवर माणूस धड आहे, एवढं मला मास्तरणीने सांगितलं होतं. मी पापणी लववली नाही.

“दिसली!” वर येताच तोंडातली नळी काढून हे ओरडले. “तीच! खडकाच्या पोटाला चिकटलेली!”

“आणि फोटो?”

ह्यांनी कॅमेरा उलटसुलट करून बघितला.

“फोटो कसला, वहिनी!” वकीलसाहेब शिडी चढत म्हणाले. “ह्यांच्या कॅमेऱ्यात काळोख. मला खुणेने बोलावलं, मी गेलो. मला तर शेवाळंच दिसलं.”

“चष्म्याशिवाय तुम्हाला बायकोही शेवाळंच दिसेल,” मी म्हटलं.

मास्तरणीने हात कोरडे केले, कॅमेऱ्याची पाणबंद पेटी पुसून उघडली आणि फिसकन हसली. “आजोबा, भिंगावर झाकण तसंच आहे!”

वकीलसाहेब हसून हसून बाकावर आडवे झाले. हे माझ्याकडे बघत पुटपुटले, “तूच म्हणालीस ना, झाकणं लावा...”

जन्मात एकदा या माणसाने माझं ऐकलं, आणि तेही आजच!

“पुन्हा जा खाली,” मी म्हटलं.

“तासभर वर थांबावं लागेल, आजी,” मास्तरीण म्हणाली. “नियम आहे. मग मी नेते त्यांना.”

“तासभर? मला भूक लागलीय,” वकीलसाहेब उठून बसले. “चला घरी. उरलेल्या थापा पुढच्या वर्षी.”

मी जेवणाची पिशवी मांडीवर घेतली. “डबा माझ्याकडे आहे. जो थांबेल तो जेवेल.”

वकीलसाहेब थांबले. हे मात्र डबा बाजूला सारून पाण्याकडे बघत बसले. कॅमेऱ्याचं झाकण मी माझ्या पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली.

दुसऱ्या खेपेला बुडबुडे फार लांब गेले. मग बराच वेळ एकाच जागी येत राहिले. हे वर आले ते कॅमेरा उंच धरूनच. वकीलसाहेबांनी चष्मा शोधला, पुसला, पडद्याला नाक लावलं.

“वहिनी, शब्द मागे घेतो.”

“माझ्याकडे काय बघता? ज्याला थापाडा म्हणालात त्याला सांगा.”

त्यांनी ह्यांचा हात धरून सांगितलं. मग मी बघितलं. जांभळी, पिवळ्या काठाची, पाठीवर फुलासारखा तुरा.

“हिचा शंख कुठे गेला हो?”

“लहानपणी असतो,” हे म्हणाले. थंडीने दात वाजत होते, पण चेहरा लग्नातल्यासारखा. “त्याला झाकणही असतं. मोठी झाली की दोन्ही टाकून देते, उघडीच हिंडते.”

“म्हणजे तुमच्याच घराण्यातली.”

एवढ्यात पायाशी काहीतरी घरंगळत आलं. थर्मासचं टोपण. ह्यांनी चहा ओतून घेतला होता आणि थर्मास उघडाच ठेवला होता. माझी नजर बघून हे घाईघाईने वाकले.

“राहू द्या,” मी म्हटलं. “ऐका नीट. आजपासून तुम्ही कशाचंही झाकण लावायचं नाही. तुम्ही उघडत जा. लावायला मी आहे.”