गर्भदेवतेच्या पहाऱ्यातली गाठ

या, जरा जवळ सरका. उदबत्ती अर्धी जळायची आहे, तेवढ्यात ग्योकलानच्या नातवाची गोष्ट सांगून होईल. नातू जन्मलाच नाही, पण त्याचे लाड लुकांग गावातल्या आमच्या अख्ख्या गल्लीने पुरवले.

ग्योकलान माझी समोरची शेजारीण. तिचा मुलगा बुनहान देवांच्या पालख्या बनवतो; खाली सुतारखाना, वर संसार. सून लेहुन. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पाळणा काही हलला नव्हता. ह्या वसंतात लेहुनचं पोट जरा पुढे आलं. पाळी तर तिची पहिल्यापासूनच उनाड. ग्योकलानने तेवढ्यावर निकाल लावून टाकला: घरात गर्भदेवता येऊन बसली! आता तीन महिने खिळा ठोकायचा नाही, पलंग हलवायचा नाही, कात्रीला हात लावायचा नाही. देवता भिंतीत, पलंगात कुठेही बसलेली असते; तिला धक्का बसला की तो बाळाला बसतो. आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही. सुताराच्या घरात खिळा बंद! बिचारा बुनहान हातोडा घेऊन माझ्या ओसरीवर आला आणि मुळ्याच्या लोणच्याच्या बरण्यांमध्ये बसून देवाची पालखी ठोकू लागला.

लेहुन मात्र गुपचूप दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून तिला पडद्यावर दाखवलं. "हा गर्भ नाही, अंडाशयावर गाठ आहे. दर महिन्याला तिथे पाण्याची छोटी पिशवी होतेच. ती बहुतेक वेळा आपोआप जिरते. तशी असती तर काही आठवड्यांनी पुन्हा बघू म्हटलं असतं. पण हिच्यात चरबी आणि केस दिसतायत; काही गाठींत ते बाळाशिवायच उगवतात. कॅन्सरसारखी वाटत नाही, पण ही जिरणारी नव्हे. हिच्या वजनानं अंडाशय पिळवटलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटेल. आत्ताच बारीक छिद्रं पाडून नुसती गाठ काढू, अंडाशय राहील. लांबवू नकोस. आणि एकाएकी खूप दुखून उलट्या झाल्या तर सरळ इकडे ये."

लेहुनने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. "आई, बाळ नाही. गाठ आहे."

ग्योकलानने तिच्या गालावरून हात फिरवला. "शहाणी गं माझी! अस्संच सांग सगळ्यांना. वाईट कान टपलेलेच असतात."

"आई, खरंच गाठ आहे! ऑपरेशन करायला सांगितलंय."

"हळू बोल! गर्भदेवतेसमोर सुरीचं नाव काढतेस? तीन महिने सरू देत, मग हवं ते बोल."

आता सांगा, अशा बाईला पटवायचं कसं? सून जितकी नाही म्हणे, तितकी सासूची खात्री घट्ट होई. 'गर्भ नाही' म्हणणारी चाचणीची पट्टी दाखवली तर म्हणाली, "पट्टीलासुद्धा कळतं गप्प कधी बसायचं." बुनहान म्हणाला, "आईचं मन मोडवत नाही गं, थोडं थांबू." पालखीचा खांब केसभर वाकडा झाला तर ह्याला झोप येत नाही. बायकोच्या दुखण्यावर मात्र छान लागत होती. गल्लीतल्या बायकाही रिवाजाला जागल्या. विचारायचं नसतं, म्हणून कुणी विचारलं नाही. माशाचं सूप मात्र रोज कुठून ना कुठून त्या घरात पोहोचत होतं.

मग करुणेच्या देवीच्या, आमच्या ग्वानयिन मायच्या देवळात कुई बुवांचं प्रवचन लागलं. बुवा गाऊन सांगतात. त्यांच्या लाकडी टाळाचा पहिला ठोका पडला की माझे डोळे आपोआप भरतात. त्या दिवशी पद होतं: माय सगळ्या जगाचं रडणं ऐकते. ग्योकलान पहिल्या रांगेत डुलत होती. शेजारी लेहुन, पोट दाबून. सकाळपासून कळा येत होत्या. सासूने आल्याचं पाणी पाजून तिला नातवासाठी आशीर्वाद घ्यायला आणलं होतं. बुवांनी वरचा सूर लावला आणि लेहुन वाकून भडाभडा ओकली.

"उलटी झाली!" ग्योकलानचा चेहरा उजळला. "बघितलंत? आणि म्हणे गाठ!"

टाळ थांबला. "ग्योकलानबाई," बुवा कडाडले, "माय ऐकते, माय ऐकते म्हणून मी मघापासून घसा फोडतोय. तुमच्या मांडीला मांडी लावून पोर रडतेय, ते तुम्हाला ऐकू येईना? बुनहान, ऊठ! गाडी काढ!"

मीही सोबत गेले. पद अर्धं सोडून प्रवचनातून मी कधी उठत नाही, पण उरलेलं पद त्या दिवशी गाडीतच होतं.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "अंडाशय पिळवटून काळं पडलं होतं. पीळ सोडवला, वाट पाहिली, पण जीव धरला नाही. काढावं लागलं. लवकर आली असती तर वाचलं असतं. दुसरं धडधाकट आहे. पुढे मूल होऊ शकतं."

"आणि आत काय होतं?" ग्योकलानने विचारलं.

"चरबी, केसांचा पुंजका आणि एक दात."

ग्योकलान डॉक्टरीणबाईंच्या जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "केस... आमच्या घराण्यासारखे दाट होते का हो?"

लेहुन घरी आली त्या दिवशी बुनहान माझ्या ओसरीवरून हातोडा घेऊन गेला. सरळ वर जाऊन त्याने निजायच्या खोलीच्या भिंतीत एक भलामोठा खिळा ठोकला. टांगायचं काहीच नव्हतं. ठण्, ठण्, सगळ्या गल्लीने ऐकलं. ग्योकलान दारात उभी होती. ह्या खेपेला तिने 'हळू' म्हटलं नाही. खाटेवरून लेहुनच म्हणाली, "आणखी जोरात!"

तेव्हा उद्या मायसमोर उदबत्ती लावाल, तेव्हा नातवंडं जरूर मागा. पण घरातली एखादी पोर पोटावर हात ठेवून काही सांगू लागली, तर आमच्या लेहुनची आठवण ठेवा.