गवत उगवणारी भट्टी

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. मी लोखंड वितळवत नाही की विटा भाजत नाही. माझ्या पोटात एक आडवी काचेची नळी आहे आणि तिच्यात मी कार्बनचे काळे गवत उगवते. त्याची एक काडी तुमच्या केसापेक्षा हजारो पटींनी बारीक! हे गवत उजेड गिळून टाकते. अवकाशात जाणाऱ्या दुर्बिणीला आतून त्याचे अस्तर लावले, की भलत्या उजेडाने तिचे डोळे दिपत नाहीत.

माझी देखभाल करणारे काका बावीस वर्षे प्रयोगशाळेत होते. आल्या आल्या माझ्या पाठीवर थाप, मग चहा. शेजारी नवी चकचकीत भट्टी आली, तेव्हा सगळे तिचेच गोडवे गाऊ लागले. पण तिच्यात गवत काही धड उगवेना. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

काका निवृत्त व्हायला आठवडा उरला होता. जाता जाता म्हातारीला काहीतरी द्यावे, म्हणून त्यांनी माझ्या नळीच्या तोंडाची झिजलेली रबरी रिंग काढून नवी बसवली. मी हरखून गेले.

दुसऱ्याच दिवशी माझेही गवत खुरटले. दुर्बिणीसाठीचा नमुना चार दिवसांत द्यायचा होता, नाहीतर संशोधक ताईंची सहा वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. त्यांनी वायू तपासले, तापमान तपासले. तिसऱ्या दिवशी त्या डोके धरून बसल्या.

काका खाली मान घालून म्हणाले, "ताई, काही बदललं असेल, तर ते मीच बदललंय."

मग त्यांनी खिशातून जुनी रिंग काढली. "टाकायला जीव होईना," म्हणाले.

ती परत बसवली आणि गवत कसे तरारून आले! त्या झिजलेल्या रिंगेतून हवेतला ओलावा कणभर आत झिरपत होता आणि त्यावरच माझे पीक जगत होते. मला तरी कुठे ठाऊक होते? आपल्या पोटातले आपल्यालाच कळत नाही.

आता नव्या भट्टीला ताई मोजून ओलावा देतात. तीही छान गवत उगवते. मी कोपऱ्यात असते, पण माझे अस्तर दुर्बिणीबरोबर वर गेले आहे. काका अधूनमधून येतात आणि आधी मला थाप देतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची डागडुजी जरूर करा. माया असली की माणूस करणारच. फक्त काढलेले लगेच कचऱ्यात टाकू नका. थोडे दिवस खिशात असू द्या.